युरिक ॲसिडचा सगळा दोष रश्श्याला नको, किडनीतल्या वाहकांबद्दलही छापा

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मध्यंतरी आपल्या आरोग्य पुरवणीत युरिक ॲसिड वाढलं तर काय खावं आणि काय खाऊ नये अशी चौकट आली होती, त्याबद्दल हे पत्र. माझं कोल्हापुरात मेडिकलचं दुकान आहे, बी.फार्म. झालोय, आणि इकडं मेडिकलवाल्याला लोक डॉक्टरच म्हणतात, त्यामुळं असली चौकट छापून आली की कात्रण खिशात घालून लोक सरळ काउंटरवर येतात आणि विचारतात, हे खरं काय हो डॉक्टर? चौकटीत मटण बंद, तांबडा-पांढरा बंद, तूरडाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद असं सगळं बंदच होतं आणि शेवटी भरपूर पाणी प्या. किडनी हा शब्द एकदाच आला, तोही किडनीवर ताण येतो एवढ्यापुरता. खरी गोष्ट तर बरीचशी किडनीतच घडते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कापून छापलं तरी चालेल पण आपण स्वतः पूर्ण वाचावं अशी विनंती.

दोन्ही किडन्या मिळून रोज साधारण १८० लिटर द्रव रक्तातनं गाळून काढतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच लघवी म्हणून बाहेर जातो, बाकीचा परत रक्तात. युरिक ॲसिड पण असंच गाळून खाली उतरतं, पण उतरलेल्यातलं जवळपास ९० टक्के किडनी परत उचलते आणि रक्तात पाठवते. ९० टक्के म्हणजे बघा किती झालं. आता हे उचलणं जरा जरी वाढलं तरी रक्तातला आकडा वर जाणार, मग तुम्ही महिनाभर भेंडीची भाजी आणि भाकरी खाल्ली तरी. ज्यांचं युरिक ॲसिड जास्त असतं त्यातल्या बहुतेकांच्या अंगात ते जास्त तयार होत नसतं तर बाहेर कमी पडत असतं, हे वैद्यकात कधीच सिद्ध झालंय. शिवाय रोज तयार होणाऱ्या युरिक ॲसिडचा मोठा भाग आपल्याच जुन्या पेशी मोडून होतो, ताटातनं येतो तो त्याहून कमी. हे एवढं जरी चौकटीत पहिल्या ओळीत छापलं असतं तरी किती घरातली भांडणं वाचली असती, कारण आमच्याकडं रिपोर्टमध्ये आकडा साडेआठ (म्हणजे १०० मिली रक्तात साडेआठ मिलीग्रॅम) आला की बायको म्हणते तुम्हीच खाताय रविवारचं मटण, आणि नवरा म्हणतो मी तर नुसता आळणी रस्साच पितोय.

आता हे उचलण्याचं काम कोण करतं ते सांगतो, माझ्या दृष्टीनं पत्रातला मुख्य भाग हाच.

रक्तात युरिक ॲसिड हे ॲसिड म्हणून जवळजवळ नसतंच. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास असतो आणि त्या ठिकाणी ते एक हायड्रोजन सोडून देतं आणि ऋण भाराचं युरेट होऊन बसतं. पेशीचं आवरण असतं स्निग्ध पदार्थाचं, त्यातनं भार असलेला कण आपणहून पलीकडं जात नाही, आणि वर पेशीची आतली बाजू पण बाहेरच्यापेक्षा ऋणच असते त्यामुळं ऋण भाराच्या कणाला ती ढकलूनच लावते. मग जायचं कसं? त्यासाठी आवरणात खास प्रथिनं बसवलेली असतात, वाहक म्हणूया, इंग्रजी पुस्तकात ट्रान्सपोर्टर. ऋण भाराचे कण इकडून तिकडं नेणारी ही प्रथिनं अंगभर आहेत. आपल्या प्रत्येक तांबड्या रक्तपेशीवर बँड-३ नावाचा वाहक दहा लाखाच्या आसपास असतो, तो क्लोराइड आणि बायकार्बोनेटची अदलाबदल करतो आणि त्याच्यामुळंच कार्बन डायऑक्साइड फुप्फुसापर्यंत नीट पोचतो. थायरॉइडमध्ये आयोडीन ओढून घेणारा वाहक वेगळा. किडनीत तर यांची गर्दीच आहे, कारण शरीराला नको असलेल्या कितीतरी गोष्टी ऋण भाराच्याच असतात आणि आपण घेतो त्यातली बरीच औषधं पण त्याच जातीची, पेनिसिलिन, पेनकिलर, लघवी होण्याच्या गोळ्या, ॲस्पिरिन.

युरेट लघवीतनं परत उचलणारा जो मुख्य वाहक आहे त्याचं नाव युरॅट-१. २००२ साली जपानी संशोधकांनी तो शोधून काढला आणि नेचर या नियतकालिकात छापला. त्याची काम करायची पद्धत अदलाबदलीची आहे, म्हणजे गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर जसं आतली रिकामी ट्रॉली बाहेर पडली की भरलेली आत घेतात तसं हा वाहक पेशीतला एक ऋण कण लघवीकडं सोडतो आणि त्याच्या बदल्यात एक युरेट आत ओढतो. आतनं सोडायचा कण कुठला? पेशीत साखर मोडताना होणारा लॅक्टेट असतो, उपाशीपोटी तयार होणारे कीटोन असतात, आणि काही औषधांचे तुकडे असतात. आत घेतलेलं युरेट मग पेशीच्या दुसऱ्या अंगाला ग्लुट-९ नावाचा वाहक रक्तात सोडतो. उलट दिशेनं, म्हणजे युरेट बाहेर टाकणारे वाहक पण आहेत, त्यात एबीसीजी-२ महत्त्वाचा, तो किडनीत पण आहे आणि आतड्यात पण, आणि अंगातलं साधारण एक तृतीयांश युरेट आतड्यातनंच जातं. या एबीसीजी-२ च्या जीनमध्ये बदल असेल तर माणूस कितीही पथ्य पाळू दे, गाऊटचा, म्हणजे युरेटचे खडे सांध्यात, बहुतेकदा पायाच्या अंगठ्यात, साठून सूज येण्याचा धोका वाढतोच. वडिलांना होता, आता मुलाला, असं जे दिसतं त्यातलं बरंच हे.

काही माणसांत युरॅट-१ जन्मतःच काम करत नाही, जपानमध्ये अशी माणसं जास्त सापडलीत. त्यांच्या रक्तातलं युरिक ॲसिड एकदम खाली असतं, गाऊट होत नाही, पण काहींना मूतखडे होतात आणि जोराचा व्यायाम केल्यावर किडनी अचानक बंद पडल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून हा वाहक म्हणजे वाईटच असं पण समजू नये. बाकी बहुतेक सस्तन प्राण्यांकडं युरिक ॲसिड फोडून टाकणारं एन्झाइम असतं, माणसाच्या पूर्वजांनी ते कोटीभर वर्षांपूर्वी कधीतरी गमावलं, म्हणून हा त्रास कुत्र्यामांजराला नाही आणि आपल्याला आहे.

आता अदलाबदलीची ही एकच गोष्ट नीट समजली की चौकटीत नसलेल्या कितीतरी गोष्टी आपोआप उलगडतात. पेशीत लॅक्टेट किंवा कीटोन जास्त साठले की वाहकाला बदल्यात द्यायला माल भरपूर मिळतो आणि युरेट जास्त उचललं जातं. दारू पोटात गेली की लॅक्टेट वाढतं, बिअरमध्ये तर वर प्युरीन, म्हणजे ज्यापासून युरिक ॲसिड बनतं ते पदार्थ, पण असतात. कडक उपास केला, नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहिलं, की कीटोन वाढतात आणि युरिक ॲसिड पण वाढतं, त्यामुळं ज्याला गाऊट आहे त्याचा अंगठा उपासातच सुजू शकतो आणि घरचे म्हणतात अहो यांनी तर काहीच खाल्लं नाही! तालमीतल्या पोरांचं पण तसंच. आमच्या गावात कुस्ती म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, खासबाग मैदान ज्या गावात आहे तिथं पैलवान पोरं दुकानात येणारच, आणि वजनी गटात बसायला एक-दोन दिवसात पाणी तोडून, घाम काढून, उपाशी राहून वजन उतरवतात. पाणी तोडलं की किडनी सगळंच जास्त उचलते, उपाशी राहिलं की कीटोन, जोर-बैठका मारल्या की लॅक्टेट, तिन्ही गोष्टी एकाच दिशेनं. वस्ताद लोकांनी हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

आणि गोळ्या. इथं मला पेपरवाल्यांकडनं खरंच मदत पाहिजे.

बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असते, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, बऱ्याच लोकांना ती दुसऱ्या गोळीतच मिसळून दिलेली असते त्यामुळं माहीत पण नसतं. तिनं युरिक ॲसिड वाढतं. हृदयासाठी रोज घेतात ती ७५ मिलीग्रॅमची ॲस्पिरिन, ती पण थोडं वाढवते, कमी डोसमध्ये ती युरेट बाहेर पडू देत नाही, आणि गंमत म्हणजे खूप मोठ्या डोसमध्ये तीच ॲस्पिरिन उलटं करते. दुसऱ्या बाजूला लोसार्टन ही बीपीचीच गोळी युरॅट-१ ला अडवते आणि युरिक ॲसिड थोडं खाली आणते. म्हणजे बीपी आणि गाऊट दोन्ही असलेल्या माणसानं मटण सोडायच्या आधी आपल्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा, माझी बीपीची गोळी बदलता येईल काय? पण तो प्रश्न विचारायचा असतो हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि हे वाचून कुणी आपल्या मनानं ॲस्पिरिन बंद करू नये, ॲटॅक येऊन गेलेल्या माणसानं तर अजिबात नाही, अंगठा दुखणं वेगळं आणि हृदय वेगळं.

टीबीचं तर मला फार वाटतं. टीबीच्या उपचारात पहिले दोन महिने ज्या चार औषधांचं मिश्रण देतात त्यात पायराझिनामाइड असतं. त्याचा शरीरात जो तुकडा होतो तो पेशीत जाऊन बसतो आणि युरॅट-१ त्याला बाहेर सोडून त्या बदल्यात युरेट आत घेतो, अगदी लॅक्टेटसारखंच. त्यामुळं गोळ्या सुरू झाल्यावर सांधे दुखतात आणि रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं दिसतं. पेशंट घाबरतो, कुणीतरी सांगतं गोळ्या सोसत नाहीत तुला, आणि तो गोळ्या सोडतो. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या की पुढं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. हे दुखणं ओळखीचं आहे, सरकारी दवाखान्यातल्या टीबीच्या डॉक्टरांना त्यावर काय करायचं ते माहीत असतं, आणि पायराझिनामाइडचे दिवस संपले की युरिक ॲसिड पण उतरतं. एवढं जरी पेपरात आलं तरी कुणाची तरी ट्रीटमेंट पुरी होईल.

अजून एक वाहकांची जोडी आहे, ओएटी-१ आणि ओएटी-३. ही किडनीच्या पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला बसलेली असते आणि रक्तातनं ऋण भाराची औषधं उचलून लघवीच्या वाटेला लावते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन इतकं कमी होतं की पेशंटच्या लघवीतनं ते परत काढून पुन्हा वापरायचे, कारण टोचलेलं पेनिसिलिन काही तासात किडनी बाहेर टाकून द्यायची. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन दिलं, तो सुधारत होता, लघवीतनं काढून परत देऊन पण साठा संपला आणि माणूस गेला. मग किडनीला हे बाहेर टाकण्यापासून कसं अडवायचं याचा शोध सुरू झाला आणि कार्ल बेयर यांच्या टीमनं प्रोबेनेसिड आणलं, १९५० च्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा हे वाहक कसे असतात हे कुणाला माहीत पण नव्हतं, ओएटी-१ सापडला १९९७ ला. आणि तेच प्रोबेनेसिड युरॅट-१ ला पण अडवतं म्हणून पुढं गाऊटचं औषध झालं. मला हा इतिहास फार आवडतो, कारण पेनिसिलिन वाचवायला शोधलेली गोळी सुजलेल्या अंगठ्यापर्यंत येऊन पोचली.

पण यात आजच्या कामाचं काय तर एकाच वाहकावर दोन औषधं आली की एक मागं राहतं आणि रक्तात साठतं. संधिवाताला आठवड्यातनं एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट याच वाटेनं बाहेर पडते आणि पेनकिलर पण याच वाहकांना धरतात. संधिवाताचे डॉक्टर दोन्ही मिळून देतात, देतात तेव्हा रक्त तपासत राहतात, ते ठीक. पण पेशंट त्यावर आपल्या मनानं आणखी एक डायक्लो, म्हणजे डायक्लोफेनॅक ही पेनकिलर, आणखी एक कसली तरी लाल गोळी घेतो, आणि किडनी आधीच थकलेली असेल तर मेथोट्रेक्सेट अंगात राहून तोंड येतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, जिवावर बेततं. काउंटरवर मी विचारतो, दुसरं काय चालू आहे? लोक म्हणतात, काही नाही, नुसती साधी गोळी द्या. माझी कळकळीची विनंती आहे की मेडिकलवाल्यानं हे विचारलं की राग मानू नका, सगळ्या गोळ्यांची नावं सांगा, चिठ्ठी नसेल तर रिकामी पाकिटं घेऊन या.

डायक्लोफेनॅकवरनं गिधाडांची आठवण निघतेच. पूर्वी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची असं जुनी माणसं सांगतात, आता पोरांनी ती चित्रातच बघायची. २००४ साली नेचरमध्येच छापून आलं की गुराला दिलेलं डायक्लोफेनॅक त्या मेलेल्या जनावराच्या मांसातनं गिधाडाच्या पोटात जातं, त्याची किडनी निकामी होते आणि आतले अवयव युरिक ॲसिडच्या पांढऱ्या थरानं भरून जातात. पक्षी नको असलेला नायट्रोजन युरिक ॲसिड म्हणूनच टाकतात आणि किडनीतले वाहक त्यांच्यासाठी आपल्याहून जास्त महत्त्वाचे, ते युरिक ॲसिड बाहेर टाकणंच थांबतं असं पुढच्या संशोधनातनं दिसलंय. भारतात जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ ला बंद झालं, मग माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरायला लागले म्हणून २०१५ ला ३ मिलीपेक्षा मोठी बाटली बंद केली, आणि २०२३ ला जनावरांसाठी ॲसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन ही दोन पेनकिलर पण बंद केली. आपला जिल्हा म्हशींचा आणि दुधाचा, म्हणून गोठेवाल्यांना सांगणं आहे की जनावराला दुखण्याचं औषध पाहिजे असेल तर पशुवैद्यांना विचारून मेलॉक्सिकॅम घ्या, ते गिधाडाला चालतं.

परत ताटाकडं येतो, कारण खाण्याचा काहीच संबंध नाही असं माझं म्हणणं नाही. २००४ साली अमेरिकेत ४७,१५० पुरुषांचा १२ वर्षं पाठपुरावा करून एक अभ्यास आला, त्यात मटण आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त दिसला, पण डाळी, पालक, मशरूम असल्या भाज्यांतल्या प्युरीननं धोका वाढला नाही, आणि दूध-दही घेणाऱ्यांत तर कमी दिसला. म्हणजे तूरडाळ आणि पालक बंद करायला सांगणं चुकीचंच, आमच्याकडं गरिबाच्या घरात प्रोटीन म्हणजे डाळच, तीही बंद केली तर माणसानं खायचं काय? उलट ज्याबद्दल चौकटीत एक अक्षर नव्हतं ते गोड. साखर असो की आपला कोल्हापुरी गूळ, त्यातला निम्मा भाग पोटात गेल्यावर फ्रुक्टोज होतो, आणि फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. गुळाचा अभिमान मला पण आहे, पण मटण सोडून रोज बाटलीतली कोल्ड्रिंक पिणारा आणि चहात तीन चमचे घालणारा माणूस सुधारणार नाही. आणि कितीही कडक पथ्य पाळलं तरी आकडा साधारण एखाद्या मिलीग्रॅमनंच उतरतो. ज्याला वारंवार गाऊटचे झटके येतात त्याला ६ च्या खाली आणायचं असतं, ते साडेनऊवरनं नुसत्या पथ्यानं होत नाही, त्याला डॉक्टरांनी दिलेलं ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट रोज घ्यावं लागतं, दुखायचं थांबलं म्हणून बंद करायचं नसतं. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, यात उशीर चालत नाही. आणि नुसता रिपोर्ट वाढलाय, दुखत काही नाही, कधी सूज नाही, मूतखडा नाही, अशा माणसाला बहुतेक वेळा गोळीची गरजच नसते, तरी पॅकेजमध्ये टेस्ट करून येतात आणि म्हणतात युरिक ॲसिडची गोळी द्या.

तर विनंती अशी की पुढच्या पुरवणीत एखाद्या किडनीच्या आणि एखाद्या संधिवाताच्या तज्ज्ञांकडनं हा विषय लिहून घ्यावा, चित्र काढून, किडनीच्या पेशीच्या दोन बाजू दाखवून कुठला वाहक कुठं बसतो आणि कुठली गोळी त्याला काय करते ते. दहावीच्या पोराला पण कळेल एवढं ते सोपं आहे, नीट सांगितलं तर. आणि जागा कमी पडली तर खाण्यापिण्याचा भाग खुशाल गाळा, पण टीबीच्या गोळ्यांचा आणि मेथोट्रेक्सेटचा भाग गाळू नका.

आपला नेहमीचा वाचक,
एक औषध विक्रेता, कोल्हापूर